कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेताना

रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी प्रामुख्याने ‘स्टॅटिन’ गटातील औषधे दिली जातात. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकराला ती रोखतात. ही औषधे बहुधा दीर्घकाळ घ्यावी लागतात. त्यामुळे ती कधी व कशासोबत घ्यावीत, हे रुग्णाने जाणून घेणे आवश्यक आहे.

वेळ आणि आहार : शरीरात कोलेस्टेरॉलची निर्मिती रात्री अधिक होते. सिमव्हास्टॅटिनचा अंमल अल्पकाळ टिकतो, म्हणून ते संध्याकाळी वा रात्री घेतात. अटॉर्व्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन यांचा प्रभाव दीर्घकाळ राहतो. ती रोज ठरावीक वेळी, जेवणाआधी किंवा नंतर घेता येतात. एखादी गोळी चुकल्यास दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

इतर औषधे : सिमव्हास्टॅटिन व अटॉर्व्हास्टॅटिन यांचे विघटन शरीरातील एका विशिष्ट विकरामुळे होते. क्लॅरिथ्रोमायसिन व एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके आणि इट्राकोनॅझोलसारखी बुरशीरोधक औषधे त्या विकराचे कार्य रोखतात. परिणामी नेहमीच्याच मात्रेची गोळी घेऊनही रक्तातील औषधाचे प्रमाण वाढते. ग्रेपफ्रूटचा रसही असाच परिणाम करतो. नावात साम्य असले तरी द्राक्षांशी याचा संबंध नाही. पपनस मात्र याच कुळातील असल्याने त्याबाबत डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्यांना सिमव्हास्टॅटिन दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक देत नाहीत. अ‍ॅल्युमिनियम व मॅग्नेशियमयुक्त आम्लपित्तनाशक औषध रोसुव्हास्टॅटिननंतर किमान दोन तासांनी घ्यावे.

धोक्याची सूचना : औषधाचे प्रमाण फार वाढल्यास क्वचित स्नायूंचे तंतू नष्ट होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सेरिव्हास्टॅटिन हे औषध याच कारणाने २००१ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले. जेमफायब्रोझिलसोबत घेणाऱ्यांना त्याचा धोका विशेष होता. अकारण स्नायुदुखी, अशक्तपणा किंवा चहाच्या रंगाची लघवी ही लक्षणे दिसताच त्वरित डॉक्टरांना भेटावे.

तथापि भीतीपोटी गोळी परस्पर बंद करणेही घातक ठरते, कारण हृदयविकार व पक्षाघातापासून मिळणारे संरक्षण त्यामुळे नाहीसे होते. प्रतिजैविकाच्या काळात गोळी थांबवायची की मात्रा बदलायची, हे डॉक्टरच ठरवू शकतात. म्हणून साध्या खोकल्यासाठी वा दातदुखीसाठी डॉक्टरांकडे जातानाही, आयुर्वेदिक औषधांसह आपल्या सर्व औषधांची यादी सोबत ठेवावी.