आगुंबे : एक एकर पोफळ आणि तिच्यामागचं रान



सुपारीवाले चार जण एकत्र बसले की बोलणं भाव, कोळेरोग आणि माकडं या तीन गोष्टींभोवतीच फिरतं. ही तिन्ही दुखणी ज्या मुलखात आपल्या आधीपासून मुरलेली आहेत, त्याचा थोडा इतिहास आज लिहितो. जरा लांबलंय, पण सावकाश वाचा.

गाव आगुंबे. कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्याचा तीर्थहळ्ळी तालुका, ऐन घाटमाथा, उंची साधारण ६५० मीटर. खाली सोमेश्वरला उतरायला चौदा वळणांचा घाट, आणि उघडीप असेल तर माथ्यावरून अरबी समुद्रात बुडणारा सूर्य दिसतो. वर्षाचा पाऊस सरासरी साडेसात हजार मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या आंबोलीच्या तोडीचा. १९४६ च्या एकट्या ऑगस्ट महिन्यात तिथं ४,५०८ मिलीमीटर पडल्याची नोंद आहे. टीव्हीवरची ‘मालगुडी डेज’ आठवते ना? शंकर नाग यांनी तिचं बरंचसं चित्रीकरण याच गावात केलं. २००५ साली रोम्युलस व्हिटेकर यांनी नागराजाच्या अभ्यासासाठी इथं वर्षावन संशोधन केंद्र काढलं, तेव्हापासून बाहेरच्यांना आगुंबे म्हटलं की साप आठवतो. पण माझं लक्ष होतं दोन डोंगरांच्या बेचक्यात बसवलेल्या पोफळीच्या बागांवर.

या मुलखाला मलनाड म्हणतात. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १७६३ पर्यंत इथं केळदीच्या नायकांचं राज्य. राजाराम महाराजांना जिंजीला जाताना आसरा देणारी राणी चेन्नम्मा याच घराण्यातली. पण शेतकऱ्याने लक्षात ठेवायचा तो शिवप्पा नायक (१६४५–१६६०). त्याची सारापद्धत ‘शिस्त’ या नावाने ओळखली जाते. म्हैसूरच्या गॅझेटियरात असं लिहिलंय, की त्याने गावोगावी प्रत्येक प्रतीच्या जमिनीतलं एकेक शेत सलग बारा वर्षं कसून घेतलं, बियाणं, मजुरी, उत्पन्न आणि भाव यांचा हिशेब ठेवला आणि मग उत्पन्नाचा एक तृतीयांश सारा ठरवला. बागांसाठी वेगळी काठी होती, इक्केरीच्या अघोरेश्वर देवळाच्या मापावरून घेतलेली, १८ फूट ६ इंचांची. सारा ठरवायच्या आधी बारा वर्षांचा प्लॉट! आज पीकविम्याचं उंबरठा उत्पन्न ठरवताना कुणी एवढी तसदी घेईल का, हे तुम्हीच सांगा.

आता बाग कशी उभी राहते ते बघा. एवढ्या पावसात जांभ्याच्या जमिनीतलं सगळं धुऊन जातं. अशा रानात ताकद मातीत थोडी आणि झाडात, पाचोळ्यात जास्त. मलनाडच्या जुन्या बागाइतदाराला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. तो डोंगरावरचा ओला टहाळ आणि सुका पाला आणतो, गोठ्यात गुरांखाली पसरतो, शेणामुताने भिजलेलं ते खत पोफळीच्या बुंध्याशी देतो, वर पुन्हा पाल्याचा थर. दोन ओळींमध्ये खोल चर, पाणी निघून जायला. थरावर थर चढत बाग उभी राहते. आपल्याकडे भाताच्या राबाला टहाळ तोडायचो तसंच, पण इथं तो जाळत नाहीत.

या पाल्यासाठी राखलेल्या डोंगराला ‘सोप्पिनबेट्ट’ म्हणतात. सोप्पु म्हणजे पाला, बेट्ट म्हणजे डोंगर. शेजारचा कारवार जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथं घाटावरच्या एक एकर बागेमागे नऊ एकरांपर्यंत बेट्ट वापरायचा हक्क इंग्रज सरकारने मान्य केला होता. जंगलं बंद करत सुटलेल्या त्या सरकारलाही कळलं होतं, की डोंगर तोडला तर बाग जाणार आणि बागेबरोबर साराही. माझ्या मते सुपारीच्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा. सातबाऱ्यावर बाग एक एकर दिसते, खाते मात्र दहा एकरांचं.

हक्काबरोबर ओरबाडणंही आलं. कितीतरी बेट्ट आज उघडे पडलेत, फांद्या छाटून छाटून झाडांचे नुसते खांब राहिलेत. कुळांची कथा वेगळीच. त्याच जिल्ह्यात सागर तालुक्यातल्या कागोडूला १९५१ साली कुळांनी सत्याग्रह केला, तो खंडाचं धान्य मोजायच्या मापावरून. राममनोहर लोहिया तिथं गेले आणि अटकेत पडले. तीर्थहळ्ळीजवळच्या आरगचे शांतवेरी गोपाल गौडा त्याच लढ्यातले. इक्केरी याच सागर तालुक्यात. काठी राजाने नीट ठरवली, तरी खळ्यावरचं माप मालकाच्याच हातात राहिलं.

आता कोळेरोग. हा शब्द आपण मराठी धरून चाललोय, पण तो कानडी आहे. ‘कोळे’ म्हणजे कूज. रोग आणि नाव दोन्ही आपल्याला त्या भाषेत मिळाले. लेस्ली कोलमन हे कॅनडाचे शास्त्रज्ञ १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात आले आणि १९१० मध्ये त्यांनी या रोगावर पुस्तिका काढली. कारण फायटोफ्थोरा. तोवर बागाइतदार पावसाच्या तोंडाला प्रत्येक घोसावर पोफळीच्या विरीची टोपी बांधायचे, तिला ‘कोट्टे’ म्हणत. कोलमन यांनी ती पद्धत हसण्यावारी नेली नाही, नीट नोंदवली, आणि सोबत फ्रान्सच्या द्राक्षबागांतलं बोर्डो मिश्रण पोफळीवर आणलं. पावसात धुऊन जाऊ नये म्हणून त्यात राळ आणि सोडा घालत. आपण आज शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना धरून, पावसाच्या आधी एक आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी फवारणी करतो, त्याची वाट त्या बागांतून आलीय.

भावाचं थोडक्यात. मलनाडात सुपारी हिरवी असतानाच काढतात, सोलून उकळतात, लाल करतात. आपण पिकलेली वाळवून पांढरी विकतो. त्यामुळे शिवमोग्ग्याचा लाल सुपारीचा भाव मोबाइलवर बघून आपल्या व्यापाऱ्याशी भांडू नका, माल वेगळा आहे. पण चढ्या भावाने तिथं काय केलं ते बघण्यासारखं आहे. सुपारी बेचक्यातून बाहेर पडली, भातखाचरांत आली, उघड्या माळावर आली. सोप्पिनबेट्ट वाढला नाही, बागा वाढल्या. अलीकडच्या वर्षांत पानांवरचे करपे तीर्थहळ्ळी भागात जोरात आहेत. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेलो तेव्हा एक म्हातारे बागाइतदार म्हणाले, “पाल्याचं खत आता पोत्यात येतं.” पुढे ते काही बोलले नाहीत.

राहिली माकडं. १९५७ साली त्याच जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर रानात माकडं पटापट मेली आणि पाठोपाठ माणसं तापाने पडली. तोच माकडताप. विषाणू गोचिडीतून येतो. माणसापासून माणसाला होत नाही. जोर डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका सुका पाला गोळा करायचा हंगाम. २०१९ च्या सुरुवातीला सागर तालुक्यात त्याने पुन्हा बळी घेतले. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत होता, २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात पोचला. तिथं तो काजू वेचायचा हंगाम. रान तुटून बागा आणि झाडी एकमेकींत शिरतात, तिथं माणूस, गुरं, माकड आणि गोचीड एका जागी येतात.

दोडामार्गात गेल्या काही वर्षांत रबर आणि अननसासाठी किती डोंगर मोकळे झाले ते तुम्ही माझ्याइतकंच बघताय. काजूला जाणाऱ्यांनी अंग झाकून जावं, अंगाला लावायचं तेल आरोग्य केंद्रात मिळतं का ते विचारावं, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवावेत. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवा. आणि ज्यांच्या पोफळीमागे अजून थोडं रान उभं आहे, त्यांनी ते किती गुंठे आहे आणि बागेला त्यातून वर्षाला किती भारे पाला येतो, ते खाली लिहा. मला हा हिशेब आपल्या भागाचा मांडायचाय.