कागदावरचे गाणे आणि हातातले गाणे



समजा, तुमच्या शाळेतला नववीचा एक मुलगा विजेवर चालणारी गिटार घेऊन आला आणि म्हणाला, "गुरुजी, मला गॉथिक रॉकचे गाणे वाजवायला शिकायचे आहे." तुम्ही काय कराल? बहुतेक जण हसतील. पण हसण्याआधी माझ्याबरोबर जरा नाशिकला, पंचवटीत चला.

काळारामाच्या या परिसरात पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात रामनाम आधार आश्रम चालविला. त्यांचा जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली, आणि पुस्तकी शिक्षण थांबले. मग मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले. त्या काळी शिकणे म्हणजे काय? गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे, आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा तोंडून निघेल तेवढे उचलायचे. गुरू मिळाला नाही, की विद्या संपली!

पलुस्करांना हे खटकले. १८९६ साली ते मिरजेहून बाहेर पडले, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले. ते राजाच्या कृपेवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या पैशांवर चालले. सर्वांत मोठे काम म्हणजे त्यांनी स्वर आणि मात्रा लिहिण्याची खुणांची पद्धत बसविली आणि 'संगीत बालप्रकाश'सारखी क्रमिक पुस्तके काढली. ज्याला स्वतःला वाचणे अवघड, त्याने दुसऱ्यांसाठी गाणे कागदावर उतरविले, हे ध्यानात घ्या.

आता तुम्ही म्हणाल, याचा त्या गिटारशी काय संबंध? सांगतो.

विजेची गिटार अमेरिकेत १९३१-३२ च्या सुमारास तयार झाली. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक असते आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे. तार थरथरली की वेटोळ्यात अगदी थोडी वीज निर्माण होते, आणि ध्वनिवर्धक तिचाच मोठा आवाज करतो. गॉथिक रॉक पुष्कळ नंतरचे, १९७० नंतरच्या दशकाअखेरचे, इंग्लंडमधले. बाउहाउस नावाच्या मंडळींचे १९७९ सालचे 'बेला लुगोसीज डेड' हे त्यातले एक आद्य गाणे, नऊ मिनिटांहून लांब. बेला लुगोसी हा १९३१ च्या बोलपटात ड्रॅक्युला झालेला नट. काळोख, उदासी आणि घुमणारा प्रतिध्वनी हा या गाण्यांचा स्वभाव.

असली गाणी शिकणारी मुले एक कागद घेऊन बसतात. त्यावर सहा आडव्या रेघा, म्हणजे गिटारच्या सहा तारा. रेघेवर आकडा, म्हणजे कितव्या पडद्यावर बोट ठेवायचे ते. शून्य म्हणजे मोकळी तार. युरोपात ल्यूट नावाच्या वाद्यासाठी चारशे वर्षांपूर्वीही असेच लिहीत. पलुस्करांच्या खुणा निराळ्या, पण हेतू तोच: ज्याच्याजवळ गुरू नाही, त्याच्या हाती निदान वाट तरी द्यावी.

घरी पेटी असेल तर एक प्रयोग करून पाहा. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजते तो सा धरा. तिसऱ्या पडद्यावर कोमल गांधार येतो, सातव्यावर पंचम, बाराव्यावर वरचा सा. पेटीवर सा, कोमल ग, प असे एकत्र दाबा. कसे उदास वाटते? आता कोमल गांधार सोडून शुद्ध गांधार घ्या. लगेच उजाडल्यासारखे होते की नाही? गिटारवर हे अंतर फक्त एका पडद्याचे. गॉथिक रॉकमधला काळोख पुष्कळदा त्या तिसऱ्या पडद्यात असतो. म्हणजे मुलगा परदेशी गाणे घेऊन आला, तरी त्याचे स्वर तुमच्या पेटीत आधीपासूनच आहेत.

पण कागदाची मर्यादाही ओळखली पाहिजे. दरबारी कानड्यातला कोमल गांधार झुलतो. कागदावर मात्र तो एकच अक्षर असतो. गिटारची तार बोटाने किती ओढायची, सूर कुठे सोडायचा, प्रतिध्वनी संपेपर्यंत किती थांबायचे, हे आकडा पुरते सांगत नाही. ते ऐकावे लागते, आणि चुकले तर "पुन्हा" म्हणणारे कोणीतरी जवळ बसावे लागते.

पलुस्करांच्या आयुष्यातच याची साक्ष आहे. मुंबईत उभारलेली विद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले. नाशिकला जन्मलेला त्यांचा मुलगा दत्तात्रेय तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. घरची विद्या घरातच कोंडून ठेवली असती, तर ती त्या दिवशी त्या मुलापुरती संपली असती. पण ती वाटलेली होती! विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्या शिष्यांनी त्याला शिकविले, आणि तोच पुढे पंडित द. वि. पलुस्कर म्हणून देशभर गाजला. १९५५ साली, चौतिसाव्या वर्षी, तोही गेला. तरी त्याचे गाणे आजही लोक ऐकतात. वडिलांनी परक्यांच्या मुलांना जे दिले, तेच फिरून आपल्या मुलाला मिळाले.

तेव्हा तो गिटारवाला मुलगा आला, तर त्याला परत पाठवू नका. त्याचे गाणे तुम्हाला आवडलेच पाहिजे असे नाही. त्याला म्हणा, "बस. कागद दाखव. आधी सा लाव." पेटीवर तो सा धरून ठेवा आणि ऐका. पुढची वाट तो कागद आणि त्याचे कान मिळून काढतील. मात्र पहिला सूर लावताना त्याच्याजवळ कोणीतरी बसलेले असले पाहिजे.