परड्यातलं वांगं

फाल्गुनातली अष्टाह्निका पौर्णिमेला संपली की दुसऱ्या दिवशी सकाळीच आमची आई बुट्टी घेऊन परड्यात उतरायची. शुद्ध अष्टमीपासून आठ दिवस घरात हिरवं काही शिजायचं नाही. डाळी, कडधान्यं, पापड, ताक यांवर निभावायचं. त्यामुळं त्या दिवशीच्या बुट्टीचं अप्रूप असायचं. शेवग्याच्या कोवळ्या शेंगा, चवळीच्या शेंगा, चुक्याची जुडी, पहिल्या दोन-चार कैऱ्या. आणि सगळ्यात वर देठाचे काटे सांभाळत ठेवलेली वांगी. बेळगावच्या तांबड्या मातीत वांगं चांगलं धरतं, आणि आईचा हात तर त्याला लागूच होता.

त्या वांग्यापायी एकदा आई रडली होती.

लग्नाच्या बोलणीसाठी पाव्हणे आले होते. मंडळी दूरची, पण आपल्याच धर्माची. आईनं हौसेनं भरली वांगी केली. ताट समोर आलं तसं त्यातल्या एक बाई म्हणाल्या, "जैन म्हणवता आणि वांगं खाता?" सगळ्यांसमोर. आई काही बोलली नाही. वांगी उचलून तिनं आमसुलाची आमटी वाढली. पुढच्या पावसाळ्यात तिनं वांग्याची रोपंच लावली नाहीत. त्या वाफ्यात दोडका चढवला. आम्ही विचारलं तर म्हणाली, "असू दे गं. उगीच कुणाचं बोलणं कशाला?"

मला ते बोलणं फार वर्षं सलत राहिलं. त्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. बावीस अभक्ष्यांच्या यादीत वांगं आहे. त्यात बिया बहु, म्हणून जीव बहु. शिवाय आत अळी निघते हे तर चिरणारीला सांगायलाच नको. पण आमच्या आजीच्या, पणजीच्या चुलीवर वांगं होतंच की! मग त्या सगळ्या धर्म चुकल्या काय?

म्हणून मी शोधायला लागले. श्रावकाचाराच्या जुन्या ग्रंथांत अष्टमूलगुण सांगितले आहेत. एका परंपरेप्रमाणे ते असे: मद्य, मांस, मधु आणि वड, पिंपळ, उंबर अशी पाच उदुंबर फळं सोडणं. ही फळं फोडली की आत किडे वळवळताना दिसतात, तेव्हा कारण समजायला पंडित लागत नाही. समंतभद्राचार्यांच्या 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त पुढं मुळा, ओलं आलं, लोणी, कडुनिंबाची फुलं, केवडा ही नावं येतात. लाभ थोडा आणि घात फार, ते सोडावं, असा त्याचा आशय. वांग्याचं नाव त्या ओळीत नाही. कडुनिंबाच्या फुलाचं मात्र आहे! आणि पाडव्याला तोच फुलोरा गुळाबरोबर वाटून आम्ही दरसाल खातो. त्यावरून कुणी कुणाला ताटावर बसून बोललेलं मी ऐकलं नाही.

मग हाती लागला मंगरस. हा तिसरा मंगरस, कल्लहळ्ळीचा जैन अधिपती, कन्नड कवी. त्यानं 'सम्यक्त्वकौमुदी' लिहिली, आणि लग्नाच्या पंगतीसाठी कोंडलेली जनावरं बघून माघारी फिरलेल्या नेमिनाथांवर 'नेमिजिनेश संगती' लिहिली. म्हणजे माणूस धर्माला ढिला नव्हता. त्याच मंगरसानं १५०८ च्या सुमारास 'सूपशास्त्र' हा स्वयंपाकाचा ग्रंथ षट्पदी छंदात रचला. सगळा निरामिष. आणि त्यात वांग्याच्या पाककृतींना स्वतंत्र प्रकरण दिलं! फणस, केळी, बांबूचे कोंबही आहेत. त्याच्याआधी, १०२५ च्या सुमारास, चालुक्यांच्या काळातला कवी चावुंडराय यानं 'लोकोपकारा'त झाडांची निगा आणि रांधणं ही दोन्ही एकाच ग्रंथात घातली होती. परडं आणि चूल वेगळी नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.

दुसरी गंमत साल बघून ध्यानात आली. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० ला. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टमाटा हे सगळं अमेरिकेतून, युरोपीय जहाजांवरून पुढं आपल्याकडं आलेलं. म्हणजे मंगरसाच्या वांग्यात मिरची नव्हती, दाण्याचं कूट नव्हतं. तिखटाला मिरी, मसाल्याला तीळ, खोबरं. आम्ही ज्याला जुन्या वळणाची भरली वांगी म्हणतो त्यातलं तिखट आणि कूट पाव्हणं, आणि वांगं तेवढं घरचं. आणि बोलणी खाल्ली ती त्या घरच्यानं!

हे सगळं मी आईला सांगायला गेले तेव्हा ती सत्तरी ओलांडलेली. फाल्गुनच होता, ती शेवग्याच्या शेंगा सोलत होती. मी मोठ्या उत्साहानं मंगरस सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे राजाच्या घरीबी वांगं शिजत होतं म्हण की."

"होय गं आई. त्या बाईंना सांगायला पाहिजे होतं."

"कशाला? तिचा नेम तिनं पाळला. नेम खोटा नव्हता, बोलणं तेवढं खोटं होतं." मग शेंगेचा दोरा काढत म्हणाली, "आणि पुस्तकात असू दे की. चिरताना डोळं उघडं ठेवायला काय पुस्तक लागतंय?"

मी मंगरसाला साक्षीला उभा केला होता, तिनं खटलाच काढून टाकला. माझी यादी जुनी की तुझी, हे इतिहासानं सांगता येतं. जीवाची काळजी कोण जास्त करतं, हे त्याला सांगता येत नाही. ते ज्याच्या त्याच्या विळीवर ठरतं. आई एकेक वांगं चार फाका करून उजेडात धरायची, अळी दिसली की फाक परड्यात नेऊन हळूच झाडाखाली ठेवायची. आठ दिवसांचा तिचा उपास मोडत नव्हता तो तिथं.

त्या मृगाला मी रोपं आणली. आईनं स्वतः आळी केली. फाल्गुनातल्या त्या बुट्टीत पुन्हा वर वांगी होती. आम्ही ती तीळ, कारळं, खोबरं आणि मिरी घालून केली, मिरची न घालता. आईनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "चांगलं झालंय. पण गं, पुढच्या खेपेला थोडी मिरची घाल."