फिरतें इंजिन आणि कार्ब्युरेटर



जगांत सर्वत्र जुनें टाकून नवें घेण्याची धांदल चालू आहे. अशा काळांत मोटारींच्या शोकिनांचा एक वर्ग असा आहे कीं, तो आपल्या गाडींतील नवी यंत्रणा हौसेनें काढून टाकतो आणि तिच्या जागीं आजोबांच्या काळची बसवितो. ही गाडी म्हणजे जपानांतील माझ्दा कंपनीची 'आरएक्स-७'. तिचें इंजिन फिरत्या जातीचें. काढली जाते ती संगणकाच्या हुकमानें पेट्रोल शिंपडणारी इंजेक्शन-यंत्रणा, आणि बसविला जातो तो कार्ब्युरेटर. हा उलटा प्रवास लोक कां करितात, हें समजण्यासाठीं आधीं थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे.

फेलिक्स वांकेल यांचा जन्म १९०२ सालीं जर्मनींतील लार या गांवीं झाला. ते विश्वविद्यालयाची पायरी चढले नव्हते, आणि मोटार चालविण्याचा परवानाही त्यांनीं कधीं काढला नाहीं असें सांगतात. नेहमींच्या इंजिनांत दट्ट्या वर जातो, क्षणभर थबकतो, खालीं येतो, पुन्हा थबकतो. हें थबकणें वांकेल यांच्या मनाला खुपत होतें. १९२९ सालीं त्यांनीं आपलें पहिलें पेटंट घेतलें. मधल्या कंबरेस किंचित् आवळलेल्या लंबवर्तुळासारखी एक पेटी, आणि तिच्यांत फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर. रोटरचीं तिन्ही टोकें पेटीच्या भिंतीस सतत घासून चालतात, आणि शोषण, दाब, स्फोट व उत्सर्ग या चारही क्रिया एकाच फेऱ्यांत उरकतात. रोटर एकदां फिरला कीं मधला दांडा तीनदां फिरतो.

असें इंजिन प्रत्यक्ष फिरलें तें १ फेब्रुवारी १९५७ रोजीं, नेकारझुल्म येथील एन. एस. यू. कारखान्यांत. त्यांत पेटीसुद्धां फिरत असे. कारखान्यांतील पाश्के नांवाच्या अभियंत्यानें पेटी स्थिर ठेवून तें व्यवहारांत आणलें. शर्यतीच्या घोड्याला नांगरास जुंपलेंत, अशा अर्थाची तक्रार वांकेल यांनीं केली म्हणतात. पण जगांत चाललें तें नांगराचेंच घोडें.

१९६१ सालीं हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीनें एन. एस. यू. शीं करार केला. केनिची यामामोतो यांच्या हाताखालीं सत्तेचाळीस अभियंते या कामास लागले. पेटीच्या आंतल्या भिंतीवर रोटरच्या टोकांचे ओरखडे उमटत. जपानी लोकांनीं त्यांना सैतानाच्या नखांचें नांव दिलें होतें. हे ओरखडे घालवून १९६७ च्या मे महिन्यांत कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारांत आली. पुढें १९७३ सालच्या तेलटंचाईनें पेट्रोल पिणाऱ्या या इंजिनास जवळजवळ गिळलेंच होतें. तरी १९७८ सालीं 'आरएक्स-७' आली आणि तिनें कंपनीचें नांव राखलें. या सर्व गाड्यांना कार्ब्युरेटरच होता. अमेरिकेंत विकलेल्या कांहीं गाड्यांना १९८४ च्या सुमारास इंजेक्शन आलें, आणि १९८५ सालीं निघालेल्या दुसऱ्या पिढीपासून तर कार्ब्युरेटर पार हद्दपार झाला.

कार्ब्युरेटरचें तत्त्व शाळकरी मुलांनाही कळण्याजोगें आहे. दोन कागद जवळजवळ धरून मधून फुंकर घाला. ते दूर न जातां एकमेकांस चिकटूं पाहतात. हवेचा वेग वाढला कीं तिचा दाब उतरतो, हें बर्नुली यांनीं १७३८ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलेल्या सिद्धांताचें फळ. नळीचा गळा अरुंद केला कीं हवा वेगानें धांवते, दाब उतरतो, आणि गळ्यापाशीं ठेवलेल्या बारीक तोटींतून पेट्रोल आपोआप वर ओढलें जाऊन त्याचे तुषार होतात. १८९३ सालीं जर्मनींत मायबाख यांनीं व हंगेरींत बांकी आणि चोन्का यांनीं ही कल्पना प्रत्यक्षांत आणली. या यंत्रास ना वीज लागते, ना हिशेब.

मात्र त्यास गुरुत्वाकर्षणाचें दास्य आहे. १९४० सालीं इंग्लंडवरील हवाई युद्धांत ब्रिटिश विमानांनीं एकाएकीं खालीं सूर मारला कीं त्यांचीं मर्लिन इंजिनें अडखळत; जर्मन विमानांच्या इंजिनांना इंजेक्शन असल्यामुळें तीं बिनदिक्कत निसटत. यावर बिआट्रिस शिलिंग या बाईंनीं १९४१ सालीं केवळ एका छिद्रित धातूच्या चकतीनें तात्पुरता उपाय केला. उलट, विजेवर चालणारें इंजेक्शन अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें १९५८ सालच्या मोजक्या गाड्यांना बसविलें, तेव्हां तें इतकें बेभरंवशाचें निघालें कीं बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्ब्युरेटर लावून द्यावे लागले. तेव्हां हा उलटा प्रवास आजचा नव्हे.

फिरत्या इंजिनाच्या बाबतींत त्यास आणखी एक कारण आहे. या इंजिनास झडपा नाहींत. भिंतींतील दारें रोटरच झांकतो व उघडतो. शर्यतीचे शोकीन हीं दारें कोरून मोठीं करितात. मग हवा आंत येण्याची व धूर बाहेर जाण्याची वेळ एकमेकींवर येते, आणि मंद गतींत हवा मागेंपुढें हिंदकळूं लागते. त्या गाडींत हवा मोजण्यासाठीं एक पाकळी बसविलेली असते. ती या हिंदकळण्यानें गोंधळते आणि संगणकास खोटा हिशेब देते. कार्ब्युरेटर हिशेबच करीत नसल्यामुळें त्याचें फारसें बिघडत नाहीं. शिवाय तीसपस्तीस वर्षांत तारांचीं आवरणें तडकतात आणि सुटे भाग मिळेनासे होतात.

आतां प्रत्यक्ष कृति. नवी नळमांडणी करून तिच्यावर वेबर किंवा हॉली कार्ब्युरेटर बसविला कीं काम संपलें, असें पुष्कळांस वाटतें. तें तसें नाहीं. इंजेक्शनचा पंप दर चौरस इंचास ३५ ते ४० पौंड दाबानें पेट्रोल ढकलतो. कार्ब्युरेटरला सुमारें ३ पौंड पुरे. जुना पंप तसाच ठेवला तर आंतल्या तरंगत्या बोंडाची सुई उचलली जाऊन पेट्रोल तापल्या इंजिनावर सांडतें, आणि गाडी पेट घेते. दुसरें, ठिणगीचा हुकूमही तोच संगणक देतो. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात. एक आधीं पेटतो, दुसरा किंचित् मागून. हें काम पहिल्या पिढीच्या गाडीच्या डिस्ट्रिब्यूटरकडे सोपवावें लागतें, आणि सुदैवानें तो दुसऱ्या पिढीच्या इंजिनांत नेमका बसतो. टर्बो नसलेल्या इंजिनास सहा दारें असून दोन वरच्या वेगांतच उघडतात. त्यांची सोय न केल्यास इंजिन ऐन भरांत गुदमरतें.

पण खरा घात होतो तो तेलाचा. रोटरच्या टोकांवरील पट्ट्यांना वंगण मिळावें म्हणून एक छोटा पंप थोडें थोडें तेल इंजिनांत सोडतो. १९८९ पासूनच्या गाड्यांत हा पंपही संगणकाच्या ताब्यांत गेला. संगणक काढला कीं पंप मुका होतो. गाडी मात्र झकास चालते, मालक खूष असतो, आणि आंत पट्ट्या कोरड्या घांसून झिजत असतात. जाणते लोक म्हणून पेट्रोलच्या प्रत्येक गॅलनांत सुमारें एक औंस दुटप्पी इंजिनाचें तेल मिसळतात. ही मिसळण एकदां चुकली तर फार बिघडत नाहीं. रोज चुकली तर इंजिन गेलें.

एवढें करून काय मिळतें? शर्यतीच्या मैदानावर पेचकसानें जुळवितां येईल असें यंत्र आणि तो विलक्षण आवाज. जातें काय? थंडींतील सुलभ सुरुवात, डोंगरावरील विरळ हवेंत आपोआप होणारी जुळणी, आणि आधींच खादाड असलेल्या गाडीचें उरलेंसुरलें मायलेज. अमेरिकेंत सार्वजनिक रस्त्यावरील गाडीची धूरनियंत्रण-योजना काढणें कायद्याविरुद्धही आहे. माझ्या मतें शर्यतीसाठीं हा बदल समर्थनीय आहे. रोजच्या गाडीसाठीं तो बहुधा आळसापोटीं होतो. एक तुटकी तार शोधण्याचा कंटाळा आला म्हणून सगळी यंत्रणा उपटणें ही दुरुस्ती नव्हे. हवी तशी शिकवितां येणारीं नवीं नियंत्रणयंत्रें आतां मिळतात. कोरलेल्या दारांच्या इंजिनासही तीं सांभाळून घेतात.

तरीही ज्यांस कार्ब्युरेटरच बसवावयाचा असेल त्यांनीं काढलेल्या नळ्या, पाकळी, तारा व संगणकाची पेटी भंगारांत देऊं नये. क्रायस्लरच्या त्या १९५८ सालच्या गाड्यांपैकीं एक डिसोटो पुढें मूळ इंजेक्शनसह पुन्हा चालती झाली, ती मूळचे भाग मिळवूनच.