फळीचा अधिकार

समुद्राच्या लाटेवर उभे राहून किनाऱ्यापर्यंत येण्याची विद्या आज जगभर पसरली आहे. ती शिकू पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो लाटेचा नव्हे, फळीचा. ज्याला सर्फबोर्ड म्हणतात ती फळी केवढी घ्यावी? लांब की आखूड, जाड की पातळ, जड की हलकी? वरवर पाहता हा प्रश्न चपलेच्या मापासारखाच बाजारातला आहे. परंतु त्याचा माग काढीत मागे गेले म्हणजे ध्यानात येते की, या एकाच प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी निरनिराळी उत्तरे दिली आणि प्रत्येक उत्तरात समुद्रावर कोणाचा हक्क मानला जाई याची साक्ष राहून गेली. आपल्याकडे विद्येच्या प्रांतात अधिकारभेदाची चर्चा फार जुनी आहे. ही कथा फळीच्या अधिकारभेदाची आहे.

या विद्येचे माहेर म्हणजे पॅसिफिक महासागरातील हवाई बेटे. १७७९ साली कॅप्टन कुकची जहाजे तेथील केआलाकेकुआच्या उपसागरात नांगरून पडली होती. त्या वेळी त्याच्या हाताखालचा अधिकारी जेम्स किंग याने वीस-तीस माणसे एकदम फळ्या घेऊन खवळलेल्या लाटांत शिरताना पाहिली आणि पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात त्याचे वर्णन करून ठेवले. हवाईत तेव्हा मुख्यतः तीन प्रकारच्या फळ्या असत. पहिली पायपो: दोन-चार फुटांची, पोटावर पडून वापरायची, मुलांचा श्रीगणेशा बहुधा हिच्यावरच होई. दुसरी अलाया: सहा फुटांपासून दहा-बारा फुटांपर्यंत लांब, पण जाडीला जेमतेम इंच-दीड इंच. ही सर्वांची फळी. तिसरी ओलो: चौदा-सोळा फूट आणि त्याहूनही लांब, मध्यभागी जाड, दोन्ही अंगांनी फुगीर. ही मात्र सरदारांची आणि राजघराण्याची, असा संकेत होता.

या फळ्यांची झाडे मराठी वाचकाला अगदीच परकी वाटू नयेत. ओलोसाठी वापरीत ते विलीविलीचे झाड म्हणजे आपल्या पांगाऱ्याचे सख्खे भावंड. तेच लाल फुलांचे, हलक्या लाकडाचे कूळ. अलाया होई ती कोआची, जो बाभळीच्या गोतातला वृक्ष आहे, किंवा कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात त्या झाडाची. झाड तोडण्यापूर्वी त्याच्या बुंध्याशी लाल रंगाचा एक मासा ठेवीत आणि मग तो मुळांपाशी पुरीत. फळी घडवून झाली की प्रवाळाने व खरबरीत दगडाने घासायची, मुळांच्या रसाने वा काजळीने रंगवायची आणि जंगली अक्रोडाचे तेल चोळून ठेवायची. समुद्रातून आल्यावर ती वाळवून, पुन्हा तेल लावून, सालींच्या कापडात गुंडाळून घरात टांगीत. ज्या वस्तूची निगा इतकी, ती खेळणे खासच नव्हती.

आता ओलोचा गुण पाहा. लाट फुटण्यापूर्वी समुद्राला नुसता फुगवटा येतो. जी फळी पाण्यावर उंच तरंगते आणि सरळ रेषेत लांबवर सरकते, तिला हा फुगवटाच उचलून घेतो. पातळ फळीला मात्र लाट उभी चढेपर्यंत थांबावे लागते, आणि तेवढ्या अवघड क्षणी तोल सावरावा लागतो. म्हणजे सुलभतेचा मोठा गुण राजाच्या फळीत होता आणि कौशल्याची कसोटी रयतेच्या फळीत! अर्थात ओलोही नवशिक्याच्या कामाची नव्हती. अबनेर पाकी नावाच्या सरदाराची ओलो होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात जतन केलेली आहे. तिचे वजन सुमारे दीडशे पौंड भरते. तरंगण्याचा गुण घ्यावा तर वजनही पत्करावे, अशी ती अडचण होती, आणि ती सुटायला पुढे शंभर वर्षे जावी लागली.

मधल्या काळात हवाईवर संकटांची रांगच लागली. १८१९ साली जुनी विधिनिषेधांची व्यवस्था मोडली. १८२० साली न्यू इंग्लंडहून मिशनरी आले. गोऱ्यांबरोबर आलेल्या रोगांनी माणसे पटापट मेली. ज्या किनाऱ्यावर गावेच्या गावे लाटांत उतरत, तेथे तुरळक माणसे दिसू लागली. विद्या क्षीण झाली, पण मेली नाही. १८८५ साली कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या तीन हवाई राजपुत्रांनी तेथल्या रेडवुड झाडाच्या फळ्या करवून घेतल्या आणि सांताक्रूझ येथे नदीच्या मुखाशी लाटांवर स्वारी केली. १८९३ साली हवाईचे राज्य उलथले आणि १८९८ साली बेटे अमेरिकेने गिळली. परंतु राज्य गेले तरी विद्येने समुद्र ओलांडला. १९०७ साली जॉर्ज फ्रीथ याने ती कॅलिफोर्नियात लोकांसमोर करून दाखविली. स्टॉकहोमच्या १९१२ सालच्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकणारा हवाईचा ड्यूक कहानामोकू याने १९१४ च्या अखेरीस ऑस्ट्रेलिया गाठली. तेथे पाइन लाकडाची फळी स्वतः घडवून त्याने सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर प्रयोग केले, आणि पंधरा वर्षांच्या इझाबेल लेदम या मुलीला आपल्या फळीवर घेऊन लाटेवरून आणले.

या प्रसंगाचे कौतुक करतानाच एक गोष्ट नजरेतून सुटू नये. ती मुलगी ड्यूकच्या फळीवर होती. ओलो आणि अलाया हा भेद तर आता उरला नव्हता. पण त्याची जागा दुसऱ्याच अधिकारभेदाने घेतली होती. निव्वळ रेडवुडची फळी शंभर पौंडांच्या घरात जाई. जो ती खांद्यावर टाकून वाळूतून नेऊ शकेल, त्याचा समुद्र. कुळाचे राज्य गेले आणि बळाचे आले. अशा काळात नवशिक्याला फळी निवडायची नसे. फळीच त्याला निवडी किंवा झिडकारी.

वजनावर पहिला उपाय शोधला तो टॉम ब्लेक याने. १९२६ साली बिशप संग्रहालयातील जुन्या ओलोंची त्याने डागडुजी केली आणि त्यांच्यावरून नव्या घडविल्या. लाकूड हलके करण्यासाठी त्यात भोके पाडून वरून ती बंद करण्याची युक्ती त्याने काढली. पुढे नावेसारखा आतून पोकळ सांगाडा केला आणि १९३२ साली त्याचे पेटंट मिळविले. १९३५ साली फळीखाली मागे एक पाते बसवून तिचे बाजूला घसरणे त्याने आवरले. सरदारांसाठी राखलेला तरंगण्याचा गुण आता कोणालाही मिळू शकेल, अशी वाट त्याने उघडली.

खरी उलथापालथ मात्र एका नवशिक्या मुलीच्या निमित्ताने झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आणि राळ यांचे पातळ पण चिवट कवच कारागिरांच्या हाती आले होते. त्यामुळे बाल्सासारखे भुसभुशीत लाकूडही पाण्यात टिकू लागले. १९४७ साली कॅलिफोर्नियातील जो क्विग याने चित्रपटनिर्माते डॅरिल झानक यांची कन्या डॅरिलिन हिच्यासाठी एक फळी केली. तिला ती उचलता यावी आणि सहज वळविता यावी, एवढाच हेतू. फळी दहा फुटांच्या आसपास लांब, पण वजन अवघे पंचवीस पौंडांच्या सुमारास! मालिबूच्या किनाऱ्यावरचे पटाईत गडी ती गंमत म्हणून मागून नेऊ लागले आणि पाहतात तो ती त्यांच्या धुडांपेक्षा चपळ वळते. थोड्याच वर्षांत तशाच फळ्या सर्वांना हव्याशा झाल्या. दुबळ्यांसाठी म्हणून केलेली सोय हीच प्रवीणांची पसंती ठरली. ‘मालिबू’ हे नाव पुढे जगभर गेले, त्याच्या मुळाशी ही ‘मुलीची फळी’ होती.

१९५८ साली होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी फोमच्या फळ्यांचे उत्पादन मार्गी लावले आणि लाकडाची गरज जवळजवळ संपली. १९५९ साली ‘गिजेट’ हा चित्रपट आला आणि एका किशोरीच्या हट्टाची ती कथा पाहून तरुणांच्या झुंडी समुद्राकडे धावल्या. येथे कथा संपती तर किती बरे झाले असते! परंतु १९६७ नंतर आखूड फळीचे वारे सुटले. नऊ-दहा फुटांच्या फळ्या चार-दोन वर्षांत सात फुटांच्या खाली आल्या. लाटेच्या पोटात झपाझप वळणे घेणाऱ्या निष्णातांना त्या वरदान ठरल्या. पण त्यांचे पाहून नवशिक्यानेही तीच फळी उचलली. कुळाचे गेले, बळाचे गेले. आता आला प्रतिष्ठेचा अधिकारभेद. तो अधिक फसवा, कारण येथे मनाई दुसरा कोणी करीत नाही. माणूस आपणच आपल्याला न पेलणारी वस्तू विकत घेतो. १९७१ साली टॉम मोरी याने हवाईतच फोमच्या तुकड्यातून पोटावर पडून वापरायची छोटी फळी कापून काढली. हवाईची जुनी पायपो नव्या रूपात परतली आणि शिकणाऱ्या पोरांना पुन्हा त्यांची फळी मिळाली.

इतक्या उलाढालींतून आज जे शहाणपण उरले आहे, ते थोडक्यात असे. उभे राहून शिकायचे असेल, तर फळी आपल्या उंचीपेक्षा निदान दोन-तीन फूट लांब असावी; प्रौढाला आठ-नऊ फूट. रुंदी बावीस-तेवीस इंच, कारण आडवा तोल रुंदीवर राहतो. जाडी तीन इंचांच्या आसपास, टोक गोल, आणि पृष्ठभाग मऊ फोमचा. पहिल्या महिन्यात फळी डोक्यात बसायचीच. फळीचे घनफळ हल्ली लिटरमध्ये सांगतात. आपले वजन जितके किलो, निदान तितके लिटर नवशिक्याने मागावे. माप घ्यायचे ते स्वतःचे. शेजारी पोहणाऱ्या पटाईताचे नव्हे.

अशा मऊ, जाड फळीला किनाऱ्यावरची जाणती मंडळी अजूनही हसतात. हसणाऱ्यांना हसू द्यावे. पाण्यावर उंच तरंगणे, फुगवटा आधी पकडणे आणि सरळ रेषेत किनाऱ्याला येणे हे गुण हवाईच्या सरदारांनी एकेकाळी स्वतःसाठी राखून ठेवले होते. ते आता भाड्याच्या फळीतही मिळतात, आणि ज्याला लाटेवर अजून उभेही राहता येत नाही, त्याचा त्यांवर पहिला अधिकार आहे.