झाडाची परीक्षा

इलेमेंटरी चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रात मागे झाड दाखवायचं म्हटलं की बहुतेकांचं एकच ठरलेलं झाड निघतं: दोन उभ्या रेघा, वर हिरवा गोळा. आंबा की वड, ते विचारायचं नाही. फ्रान्समध्ये हे खपलं नसतं. तिथे १८१६ साली ऐतिहासिक निसर्गचित्रासाठी रोम पारितोषिक सुरू झालं आणि त्याच्या एका फेरीत सांगितलेलं झाड आठवणीतून काढावं लागे. ओक म्हटलं तर ओकच. १८१७ चा पहिला मानकरी मिशालों. पुढे गाजलेला निसर्गचित्रकार कोरो त्याचाच शिष्य.

सरावाला पॅरिसजवळचं फॉन्तेनब्लोचं जंगल होतं. चित्रकार बार्बिझों गावातल्या खाणावळीत मुक्काम ठोकू लागले. पारितोषिकाची ही स्पर्धा १८६३ मध्ये बंद झाली. जंगलात बसून चित्र काढायची सवय टिकली.

यात मोठं काम कोळशाच्या कांडीने केलं, असं माझं मत. दाट झाडीत रेघ कुठे सुरू करायची तेच कळत नाही. म्हणून कांडी आडवी धरून आधी अख्खी सावली फासायची, फडक्याने पसरवायची, मग पावाचा मऊ गर मळून फांद्यांमधला उजेड टिपून घ्यायचा. खोडं सगळ्यात शेवटी. फ्रेंच चित्रकार लालानने १८६९ मध्ये कोळशाच्या चित्रणावर पुस्तकच लिहिलं.

दरम्यान जंगलात तोड चालू होती. बार्बिझोंचा चित्रकार थिओदोर रूसो याने १८५२ मध्ये सरकारकडे दाद मागितली. १८५३ मध्ये ६२४ हेक्टर जंगल कुऱ्हाडीपासून राखलं गेलं. १८६१ च्या फर्मानाने ते १,०९७ हेक्टर झालं. कारण काय, तर ते चित्रकारांच्या कामाचं आहे! अमेरिकेचं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान त्यानंतर अकरा वर्षांनी.

आपल्याकडे कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून परतल्यावर कोटितीर्थ तळ्याच्या काठी निसर्गचित्रं काढत राहिले. आपल्या ठाण्यातल्या, माजिवड्याच्या चित्रकाराला तर इतकं लांब जायलाच नको. नाक्यावर उड्डाणपूल आणि मेट्रोचे खांब असले, तरी येऊरचं जंगल रिक्षाच्या अंतरावर आहे. उन्हाळ्यात जा, साग निष्पर्ण असतो, फांद्यांची ठेवण स्वच्छ दिसते. पावसाळ्यात कागद दमट होतो, कोळसा नीट बसत नाही. पाव मात्र नेऊ नका. तिथे माकडं आहेत, मळता येणारं पुटी रबरच बरं.