पाऊस गृहीत धरलेला रस्ता: इंका, दरडी आणि फेब्रुवारीतली स्वस्त ट्रिप

ऐकता ऐकता वाचणाऱ्यांसाठी आणि फक्त वाचणाऱ्यांसाठी, हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना सुटलेले काही आकडे इथे नीट टाकलेत.

आजचा प्रश्न साधा आहे. पेरूला, म्हणजे अँडीजच्या डोंगरांत, पावसाळ्यात गेलं तर ट्रिप स्वस्तात होते का? होते. तिकडे पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आपल्या बरोब्बर उलटा. गर्दीचा सीझन जून ते ऑगस्ट. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत हॉस्टेलवाले भाव करायला तयार असतात, टूरवालेही. पण एखादी गोष्ट स्वस्त मिळते तेव्हा त्यातून काय काढून घेतलंय, हे बघावं लागतं. इथे काढून घेतलेली गोष्ट म्हणजे खात्री. ट्रेन सुटेल, रस्ता उघडा असेल, याची खात्री. आणि ही खात्री डोंगरात कशी उभी करायची, यावर पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी तिथल्याच लोकांनी फार खोलात काम करून ठेवलंय. म्हणून ट्रिप प्लॅन करायच्या आधी थोडा इतिहास.

अँडीज खूप लांब पसरलाय, आपण एकच तुकडा घेऊ: कुस्को ते माचू पिचू. कुस्को ही इंकांची राजधानी. उंची साधारण ३,४०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. तिथून माचू पिचू सरळ रेषेत ७५ किलोमीटरच्या आसपास. मध्ये उरुबांबा नदीची दरी, जी पुढे पुढे इतकी अरुंद होते की नदी, रूळ आणि कडा एकमेकांना चिकटून चालतात.

आता माचू पिचूचा पाऊस बघा. वर्षाला साधारण १,९०० मिलिमीटरच्या वर. पुण्याच्या दुपटीहून जास्त. जागा कसली, तर दोन शिखरांमधली खिंड, दोन्ही बाजूंना तीव्र उतार. अशा ठिकाणी शहर बांधलं तर चार पावसाळ्यांत खाली नदीत जायला हवं. पण पंधराव्या शतकात बांधलेलं, नंतर शतकानुशतकं जवळजवळ कुणी न सांभाळलेलं हे शहर जागेवर आहे.

का आहे? केनेथ राइट नावाचे अमेरिकन सिव्हिल इंजिनियर आणि आल्फ्रेदो वालेन्सिया सेगार्रा हे पेरूचे पुरातत्त्वज्ञ यांनी १९९० च्या दशकात हाच प्रश्न धरून तिथे मोजमापं केली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे माचू पिचूच्या बांधकामातली सुमारे ६० टक्के मेहनत जमिनीखाली आहे. आपण फोटो काढतो तो उरलेल्या ४० टक्क्यांचा! खाली काय आहे? पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांमध्ये वर सुपीक माती, त्याखाली वाळू-खडीचा थर, त्याखाली मोठे दगड. पाऊस मुरतो, गाळून खाली जातो, भिंतीवर दाब येत नाही. भिंतींमध्ये पाणी बाहेर काढायला सुमारे १३० भोकं. शेतीचा भाग आणि वस्तीचा भाग यांच्या मध्ये एक मोठा मुख्य नाला. पिण्याचं पाणी वेगळंच: डोंगरातल्या झऱ्यापासून ७४९ मीटरचा कालवा आणि एकाखाली एक १६ कुंडं.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पाऊस हा त्यांच्यासाठी बग नव्हता. तो रिक्वायरमेंटमध्येच लिहिलेला होता.

रस्त्यांचंही तेच. इंकांचं रस्त्यांचं जाळं, कापाक न्यान, सुमारे ३०,००० किलोमीटरचं. आजच्या सहा देशांत पसरलेलं, २०१४ पासून जागतिक वारसा यादीत. कोरड्या वाळवंटात हा रस्ता कधी कधी नुसत्या कडेच्या खुणांवर भागवतो. जिथे चिखल आणि पाणी, तिथे फरसबंदी, पाण्याला वाट काढून देणाऱ्या मोऱ्या आणि चढाला दगडी पायऱ्या. चाकाची गाडी नव्हतीच, माणूस आणि लामा चालणार, त्यामुळे पायऱ्या चालून जायच्या. साधारण एका दिवसाच्या चालीवर मुक्कामाची जागा, तिला म्हणत तांबो. आणि डोंगरउतारावर, वारा लागेल अशा जागी धान्याची कोठारं. वानुको पांपा या एकाच ठिकाणी जवळपास ५०० कोठारांचे अवशेष आहेत. रस्ता अडला, पीक गेलं, तरी खायला असलं पाहिजे, हा हिशेब.

आता हे सगळं रम्य समजू नका हं. हा रस्ता सगळ्यांसाठी खुला नव्हता. तो राज्याच्या कामाचा होता: सैन्य, निरोपे, अधिकारी, सरकारी माल. आणि तो बांधणारे, साफ ठेवणारे आसपासचे गावकरी होते, मिता नावाच्या सक्तीच्या श्रमपाळीवर. म्हणजे खात्री होती, पण तिची किंमत कुणीतरी पाठीवर वाहत होतं.

पुढे काय बदललं? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उरुबांबाच्या काठाने सुरुंग लावून खेचरांचा नवा रस्ता काढला गेला. १९११ च्या जुलैमध्ये हायरम बिंगम माचू पिचूला पोचला तो याच रस्त्याने. (तिथे तेव्हा शेतकरी कुटुंबं राहत होती आणि वाट दाखवणारा मेल्चोर आर्तेआगा तिथलाच, त्यामुळे 'शोध' हा शब्द जरा जपून.) नंतर विसाव्या शतकात रेल्वे आली, तीही नदीकाठानेच. सोपं होतं, चढ नव्हता. इंका ट्रेल मात्र ४,२०० मीटरच्या वरची खिंड चढून सूर्यद्वारातून, म्हणजे वरून, शहरात उतरते. त्यामागे धर्माची, राज्याच्या दिमाखाची कारणंही असतील. पण परिणाम असा की जुनी वाट नदीच्या वर राहिली आणि नवी नदीच्या तोंडाशी.

फेब्रुवारी १९९८. एल निन्योचं वर्ष. आओबांबा नावाच्या बाजूच्या दरीतून चिखल-दगडांचा लोंढा आला आणि माचू पिचूच्या खालचं जलविद्युत केंद्र गाडून टाकलं. त्यापुढची रेल्वे गेली ती गेलीच. आज गाडी 'हिद्रोएलेक्त्रिका' नावाच्या स्टेशनवर संपते. आणि गंमत बघा, बॅकपॅकर्सची सगळ्यात स्वस्त वाट नेमकी इथूनच सुरू होते: कुस्कोहून व्हॅनने ४,३०० मीटरची आब्रा मालागा खिंड ओलांडून, सान्ता मारिया, सान्ता तेरेसा करत हिद्रोएलेक्त्रिका, मग रुळाच्या कडेने दहा-अकरा किलोमीटर पायी. महागडी ट्रेन वाचते. पण ही वाट जिथे सुरू होते तिथला रूळ दरडीने तोडलाय, हे व्हॅनमध्ये बसताना लक्षात असू द्या.

जानेवारी २०१०. उरुबांबाला पूर आला, रूळ वाहून गेले. माचू पिचूच्या पायथ्याच्या गावात अडकलेल्या सुमारे ४,००० पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. इंका ट्रेलवर दरड कोसळून माणसंही दगावली, म्हणजे उंच वाटसुद्धा अभेद्य नाही. कुस्कोच्या परिसरात हजारो लोकांची घरं पडली. त्यांना कुठलं हेलिकॉप्टर कुठे नेणार होतं? माचू पिचूचं बांधकाम मात्र शाबूत राहिलं. तरीही पर्यटकांसाठी ते १ एप्रिलपर्यंत बंद होतं, कारण पोचायची वाटच नव्हती. यालाच आम्ही सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो.

आणखी एक उदाहरण, मला सगळ्यात आवडणारं. अपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका पूल. हा गवताचा दोर वळून केलेला झुलता पूल आहे. आसपासचे क्वेचुआ गावकरी दरवर्षी जूनमध्ये, पाऊस संपल्यावर, जुना पूल काढून नवा बांधतात. २०२० मध्ये साथीमुळे हे काम झालं नाही. मार्च २०२१ मध्ये, पावसाळ्याच्या शेवटी, पूल तुटून पडला. त्याच जूनमध्ये लोकांनी पुन्हा बांधला. एक वर्षाची देखभाल चुकली, एवढंच कारण पुरलं.

तर मग आपल्या ट्रिपचं काय? इंकांकडून घ्यायची गोष्ट एकच: मोकळी जागा आधीच ठेवा. बजेट ट्रिपमध्ये आपण सगळ्यात आधी कापतो ते राखीव दिवस, आणि पावसाळ्यात नेमके तेच आपलं कोठार असतं.

माचू पिचू ट्रिपच्या शेवटी ठेवू नका. परतीच्या विमानाआधी निदान दोन रिकामे दिवस हवेत. इंका ट्रेल फेब्रुवारीत देखभालीसाठी दरवर्षी बंद असते, त्यामुळे त्या महिन्यात तिचं बुकिंग कुणी देत असेल तर सावध व्हा. हिद्रोएलेक्त्रिकाची वाट घ्यायची तर खिंड आणि पायी टप्पा दोन्ही दिवसाउजेडी करा, आदल्या संध्याकाळी हॉस्टेलमध्ये रस्त्याची चौकशी करा आणि 'दरड पडलीय' असं कळलं तर निमूट थांबा. ट्रेनचे पैसे बाजूला ठेवा, वापरले नाहीत तर उत्तमच. आणि अडकलात तर? कुस्कोजवळ तिपोनला जा. लोकल बसने होतं, आणि इंकांचे पाण्याचे पाट तिथे आजही वाहतात. पावसात ते बघण्याची मजा कोरड्या सीझनवाल्यांना मिळत नाही.

एवढं सगळं धरूनही ट्रिप जूनपेक्षा स्वस्तच पडेल. फक्त तुमच्या शीटमध्ये 'पाऊस' नावाची एक ओळ आधीपासून असेल.

तुमचे प्लॅन, शंका, भांडणं कळवत राहा. पुढच्या भागात भेटूच. तोवर, वर बघून चाला!